सॉफ्टनरचं माप एलपीएचवर ठरवायचं की ओबीआरवर? (हॉटेल, लाँड्री, बॉयलर)

घोडबंदर_पंप (धागाकर्ता)

घोडबंदर रोडवरच्या एका हॉटेलला सॉफ्टनर (जड पाणी सौम्य करणारं मशीन) बसवायचा आहे. ६० खोल्या, ८० जणांचं रेस्टॉरंट आणि स्वतःची लाँड्री. पालिकेचं पाणी अपुरं पडतं, त्यामुळे बोअर आणि टँकर दोन्ही चालू असतात. प्लंबिंग मी बघतोय. सॉफ्टनरची तीन कोटेशनं आली आहेत आणि तिन्हींवर ठळक अक्षरात '२,००० एलपीएच' आहे. एकात ७५ लिटर रेझिन (जडपणा पकडणारे मणी), दुसऱ्यात १५० लिटर, तिसऱ्यात रेझिनचा आकडाच नाही. किमतीत दुपटीहून जास्त फरक. मालक साहजिकच विचारतात की तिन्ही मशीन दोन हजारांचीच असताना महागातलं का घ्यायचं?

हार्डनेस (पाण्याचा जडपणा) किटवर मोजला, त्याचे आकडे: पालिका ६० पीपीएम, बोअर ३८०, टँकर २९० ते ५२०. टँकर दर वेळी वेगळ्या ठिकाणचा येतो. टीडीएस (एकूण विरघळलेले क्षार) टँकरचा ८०० च्या आसपास. माप कसं काढायचं आणि कोटेशनमध्ये काय काय लिहून घ्यायचं, ते जाणकारांनी सांगावं.

---

रेझिनगोणी

दादा, एलपीएच म्हणजे मशीनमधून तासाला किती पाणी जाऊ शकतं एवढंच. ते सॉफ्ट होऊन किती वेळ येईल, हे त्या आकड्यात कुठेच नाही. ते ओबीआर सांगतं, म्हणजे दोन रिजनरेशनच्या (मिठाच्या पाण्याने रेझिन पुन्हा ताजं करण्याच्या) मधे मिळणारं सॉफ्ट पाणी.

हिशोब सोपा आहे. १ पीपीएम हार्डनेस म्हणजे दर घनमीटरला १ ग्रॅम, कॅल्शियम कार्बोनेटच्या भाषेत. ४५० पीपीएमच्या एका घनमीटरमधून ४५० ग्रॅम काढायचे. साधं सोडियम कॅटायन रेझिन लिटरमागे साधारण ५० ग्रॅम उचलतं, मीठ लिटरला १२० ग्रॅम दिलं तर. आता ७५ लिटरचं मशीन घ्या. ७५ गुणिले ५० म्हणजे ३,७५० ग्रॅम. भागिले ४५०, आले ८.३ घनमीटर. दोन हजार एलपीएचने चालवलं तर चार तासांत संपलं. त्यानंतर पाणी येत राहतं, दाब तोच, आवाज तोच, फक्त पाणी जड. तिथे कोणी किट घेऊन उभं नसेल तर आठवडाभर कळत नाही. चादरी करड्या पडायला लागल्या की मग शोध सुरू.

त्यामुळे पहिला प्रश्न दिवसाला किती पाणी लागतं हा. तो आकडा द्या.

---

नळजोड

आकडा देताना आयएस ११७२ (पाण्याच्या गरजेचं भारतीय मानक) मधलं कोष्टक तसंच्या तसं लावू नका. त्यात हॉटेलला बेडमागे १८० लिटर आणि रेस्टॉरंटला आसनामागे ७० लिटर आहेत. तुमच्याकडे १२० बेड धरले तर २१,६०० अधिक ५,६००, म्हणजे २७,२०० लिटर. पण यात फ्लशचं पाणीही आलं, ते सॉफ्ट करायचं काहीच कारण नाही. बाग, गाडी धुणं, फरशी, तेही नाही. उलट लाँड्री जोरात चालत असेल तर तिचं वेगळं धरावं लागतं: कोरड्या कपड्यांच्या किलोमागे १५ ते २५ लिटर, मशीनवर अवलंबून.

इमारत चालू आहे ना? मग मीटर लावा आणि दोन आठवडे रोज ठराविक वेळी रीडिंग घ्या. शनिवार-रविवार आणि लग्नाची तारीख त्यात यायलाच हवी. सरासरी नको, सगळ्यात जड दिवस घ्या.

---

घोडबंदर_पंप

मीटरची रीडिंग आहेत. १४ दिवसांतला सर्वात जास्त वापर ३४,००० लिटर. फ्लश आणि बागेची लाइन वेगळी आहे, तिचे ९,००० वजा केले की उरले २५,०००. त्यात लाँड्री ५,०००, किचन आणि डिशवॉशर ४,०००, बाकी १६,००० आंघोळ-बेसिन.

सध्या तळमजल्यावर कच्च्या पाण्याची टाकी आहे आणि तिथून हायड्रोन्यूमॅटिक (लाइनमध्ये दाब कायम ठेवणारा) पंप थेट खोल्यांना पाणी देतो. सॉफ्टनर त्या पंपाच्या पुढे बसवावा असं एका कोटेशनवाल्याचं म्हणणं आहे.

---

खाडीकाठ

तिथे बसवू नका. याच एका निर्णयावर मशीन दुप्पट-तिप्पट मोठं होतं.

सकाळी सात ते नऊ ६० पैकी २४ शॉवर एकदम चालू असतील असं धरा, शॉवरमागे मिनिटाला ९ लिटर. मिनिटाला २१६ लिटर, म्हणजे तासाला १३ घनमीटर. हायड्रोन्यूमॅटिकच्या पुढचा सॉफ्टनर हा १३ चा प्रवाह झेलणारा लागतो: व्हॉल्व्ह मोठा, पाइप मोठा, व्हेसल (रेझिनची टाकी) मोठं. आणि रात्री दोन वाजता एकच बेसिन चालू असताना त्याच व्हेसलमधून पाणी इतकं हळू झिरपतं की ते बेडमधून (रेझिनच्या थरातून) एकाच वाटेने उतरतं, बाकीचं रेझिन बिनकामाचं राहतं. दोन्ही टोकांना तोटा.

कच्ची टाकी, फीड पंप, सॉफ्टनर, सॉफ्ट पाण्याची टाकी आणि मग हायड्रोन्यूमॅटिक, असा क्रम लावा. सॉफ्टनरला फक्त टाकी भरायची आहे. २५ घनमीटर १० तासांत, म्हणजे तासाला अडीच. तेरा कुठे आणि अडीच कुठे! शिवाय प्रवाह कायम एकसारखा, रेझिनला हेच हवं असतं.

सॉफ्ट टाकी किती? रिजनरेशनला दीड तास धरा. तेवढ्या वेळात गर्दीचा वापर आला तरी टाकी कोरडी पडता कामा नये. तुमच्या वापराला ८ ते १० घनमीटर बरी. जागा नसेल तर रिजनरेशन रात्री एक ते तीनमध्ये बसवा आणि ५-६ घनमीटरवर भागवा.

---

रेझिनगोणी

आता माप काढता येतं. पूर्ण मांडतो, म्हणजे कोणालाही आपले आकडे घालून बघता येईल.

हार्डनेस कोणता धरायचा? सरासरी नाही. तुमच्याकडे ६० पासून ५२० पर्यंत येतं. मे महिन्यात पालिकेचं पाणी कमी आणि टँकर जास्त, तेव्हाचं टाकीतलं मिश्रण धरायचं. ४५० योग्य वाटतं.

पण टीडीएस ८०० असल्यामुळे त्यात थोडी भर घालावी लागते. पाण्यात सोडियम जास्त असेल तर ते रेझिनवर उलट दाब देतं आणि हार्डनेस थोडा थोडा निसटत राहतो. यासाठी वापरतात ते सूत्र: हार्डनेस गुणिले ९,००० भागिले (९,००० वजा एकूण कॅटायन). कॅटायन म्हणजे कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम वगैरे; ते ७०० धरले तर ४५० चे झाले ४८८.

रोजचा भार: २५ गुणिले ४८८ म्हणजे १२,२०० ग्रॅम. रेझिन: १२,२०० भागिले ५०, म्हणजे २४४ लिटर. रेझिनची गोणी २५ लिटरची येते, दहा गोण्या, २५० लिटर. दिवसाला एक रिजनरेशन.

व्हेसल: २४ बाय ७२ इंच एफआरपी (फायबरग्लासचं). २४ इंची व्हेसलचं क्षेत्रफळ ०.२९२ चौरस मीटर, २५० लिटरला बेडची उंची साधारण ८६ सें.मी. बेड ६० सें.मी.च्या खाली नको, ७५ च्या वर असला की बरं. वर निम्म्याइतकी मोकळी जागा बॅकवॉशला (खालून वर पाणी सोडून बेड धुताना) फुगण्यासाठी हवी, ती ७२ इंचात आरामात मिळते. अडीच घनमीटरला वेग तासाला साडेआठ मीटर, आणि बेडच्या दहापट पाणी तासाला. दोन्ही मर्यादेत.

मीठ: २५० गुणिले ०.१२ म्हणजे ३० किलो दर वेळी.

१५० लिटरचं कोटेशनही मग दिवसातून दोनदा रिजनरेशन मागेल. ते चालतच नाही असं नाही, पण बॅकवॉश आणि रिन्सचं (नंतर मीठ धुऊन काढायचं) पाणी दोनदा जाईल, आणि टँकरच्या भावात ते परवडत नाही.

---

वागळे_वर्कशॉप

मिठाच्या मात्रेवर अजून लिहायला हवं, कारण विक्रेते इथेच खेळतात. तेच २५० लिटर रेझिन मीठ किती दिलं त्यावर वेगवेगळं काम करतं:

लिटरला १०० ग्रॅम मीठ दिलं तर साधारण ४६ ग्रॅम हार्डनेस उचलतं.
१२० ग्रॅमला ५०.
१६० ग्रॅमला ५७.
२४० ग्रॅमला ६८.

म्हणजे मीठ दुप्पट केलं तरी क्षमता दुप्पट होत नाही. किलोभर हार्डनेस काढायला १०० च्या मात्रेत २.२ किलो मीठ लागतं, १२० ला २.४, १६० ला २.८, २४० ला साडेतीन. कोटेशनमध्ये ओबीआर मोठा दिसावा म्हणून २४० वर काढतात आणि मिठाचा खर्च १०० वरचा सांगतात. एकाच ओळीत चारही गोष्टी लिहून मागा: रेझिन किती लिटर, मीठ दर रिजनरेशनला किती किलो, ओबीआर किती घनमीटर, आणि तो किती पीपीएम हार्डनेसवर. चौथा आकडा नसेल तर पहिल्या तिघांना अर्थ नाही. १०० पीपीएमवरचा ओबीआर ४५० वर साडेचारपटीने कमी होतो.

---

घोडबंदर_पंप

धन्यवाद. ७५ लिटरवाल्याला फोन केला. ओबीआर १०० पीपीएमवर काढलेला आहे, असं त्याने विचारल्यावर सांगितलं. आता मालकांना समजावणं सोपं आहे.

फीड पंप तासाला अडीच घनमीटरचा घेतोय. बरोबर ना?

---

खाडीकाठ

नाही! पंप सर्व्हिस प्रवाहावर घ्यायचा नसतो, बॅकवॉशवर घ्यायचा.

बॅकवॉशला रेझिन वर उचलून मोकळं करायचं असतं, ५० टक्के फुगायला हवं. त्यासाठी २५ अंशाच्या पाण्यात वरच्या दिशेने तासाला १२ मीटरच्या आसपास वेग लागतो. पाणी जितकं कोमट तितकं ते पातळ, म्हणून रेझिन उचलायला वेग जास्त लागतो. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये टाकीतलं पाणी तिशीच्या वर जातं, तेव्हा १४ धरा. ०.२९२ गुणिले १४ म्हणजे तासाला चार घनमीटर. तुमचा अडीचचा पंप बेड हलवणारच नाही. टँकरचा गाळ वर साचत जाईल, मग दाब पडेल, मग पाणी वाट काढून एका बाजूने जाईल. महिनाभरात 'रेझिन खराब आहे' अशी तक्रार येईल आणि रेझिन मात्र चांगलं असेल.

चार घनमीटर, व्हॉल्व्हवर (चौरस सें.मी.ला) अडीच किलो दाब मिळेल असा पंप. तळमजल्यावर टाकीतून टाकीत असेल तर एक ते दीड एचपीत काम होतं. सर्व्हिसला मात्र आउटलेटवर फ्लो कंट्रोल लावून अडीच-तीनवर बांधा. आणि ड्रेनच्या लाइनवरही फ्लो कंट्रोल हवा, नाहीतर बॅकवॉशमध्ये रेझिनच गटारात जातं. पहिल्या बॅकवॉशला ड्रेनच्या तोंडाशी पांढरं फडकं धरून बघा. पिवळसर-तपकिरी बारीक मणी अडकले तर लगेच प्रवाह कमी करा. नव्या रेझिनचा थोडा भुगा सुरुवातीला येतो, तो वेगळा. अख्खे गोल मणी येता कामा नयेत.

---

मीठगर

मीठ आणि ब्राइन (मिठाचं पाणी) टाकीबद्दल.

३० किलो मीठ विरघळायला ८५ लिटरच्या आसपास पाणी लागतं, तयार ब्राइन होतं साधारण ९५ लिटर. टाकीत जाळीचा खोटा तळ हवा, ब्राइन त्याच्या खालून ओढलं जातं. टाकी ३०० लिटरची घ्या, म्हणजे दोन-तीन वेळचं मीठ एकदम टाकता येतं. मीठ टाकल्या टाकल्या ब्राइन तयार होत नाही. खडे असतील तर दोन ते चार तास द्यावे लागतात. घाईने ओढलं तर ब्राइन कच्चं जातं आणि ३० किलोपैकी निम्मंच कामाला येतं.

इजेक्टरमध्ये (ब्राइन ओढून घेणाऱ्या तोटीत) पाणी मिसळून ते दहा टक्क्यांवर येतं, म्हणजे व्हेसलमधून २८० लिटर जातं. ते २५ ते ३० मिनिटांत हळूहळू जायला हवं. दहा मिनिटांत आटोपलं तर मीठ रेझिनला भेटतच नाही.

मीठ कुठलं? भाईंदर-वसई पट्ट्यातलं खडं मीठ स्वस्त मिळतं, पण त्यात माती असते आणि स्वतःचंच कॅल्शियम-मॅग्नेशियम असतं. मूठभर मीठ काचेच्या पेल्यात विरघळवून अर्धा तास ठेवा. तळाशी करडा थर बसला की समजा तोच थर इजेक्टरच्या भोकात जाणार आहे. धुतलेलं, बिनआयोडिनचं खडं मीठ घ्या. बारीक टेबल सॉल्ट तर नकोच, ते टाकीत दगडासारखं जमतं, खाली पोकळी राहते आणि वरून टाकी भरलेली दिसते. पावसाळ्यात हे जास्त होतं. काठीने टोचून बघायची सवय ऑपरेटरला लावा.

---

टीटीसी_बॉयलर

चांगला धागा. यात बॉयलरचंही बोलूया का? महापे एमआयडीसीत २ टनांचा बॉयलर, १६ तास चालतो, सरासरी ७० टक्के लोडवर. कंडेन्सेट (वाफेचं परत झालेलं पाणी) ५० टक्के परत येतं. एमआयडीसीचं पाणी ६० पीपीएम, टीडीएस १२०. पण पाणीपुरवठ्याच्या शटडाऊनच्या दिवशी टँकर: हार्डनेस ४००, टीडीएस ९००. सध्या सॉफ्टनर ५० लिटर रेझिनचा आहे आणि एमआयडीसीच्या पाण्यावर एकदम छान चालतो.

---

रेझिनगोणी

ताई, छान चालतोय तो बारवी धरणाच्या पाण्यामुळे. सह्याद्रीच्या काळ्या दगडावरून पावसाचं पाणी धरणात येतं, त्यात क्षार फार विरघळत नाहीत. नवी मुंबईला मोरबे धरणाचं येतं तेही तसंच सौम्य. त्यामुळे या भागात वर्षातले बहुतेक दिवस अगदी लहान सॉफ्टनरही पास होतो आणि नेमका टँकरच्या दिवशी नापास. बॉयलरच्या नळ्यांना मात्र तो एक दिवसही पुरतो.

वाफ: ३२ टनांच्या ७० टक्के, २२.४ टन. निम्मं कंडेन्सेट परत, म्हणजे नवं पाणी ११.२ अधिक ब्लोडाऊनची (क्षार साचू नयेत म्हणून बॉयलरमधून सोडून द्यायच्या पाण्याची) भरपाई. टँकरच्या दिवशी ब्लोडाऊन वाढतं, म्हणून दिवसाला १५ घनमीटर धरा. १५ गुणिले ४०० म्हणजे ६ किलो हार्डनेस. बॉयलरला सॉफ्टनरनंतर ५ पीपीएमच्या आत हवं, त्यासाठी मीठ १६० च्या मात्रेत द्या, क्षमता ५७. १२५ लिटर रेझिन ७.१ किलो उचलेल. दहा टक्के राखीव ठेवलं तरी टँकरवर एक दिवस निघतो. तुमचं ५० लिटरचं मशीन २.८ किलोवर, म्हणजे सात घनमीटरवर, संपतं. शटडाऊनच्या दिवशी दुपारच्या आत.

व्हेसल १८ बाय ६५, बेड ७६ सें.मी. तासाला २ घनमीटरपर्यंत मेकअप (नवं पाणी) सहज. आणि दोन व्हेसल घ्या, आळीपाळीने चालणारी. बॉयलर कोणत्याही वेळी पाणी मागतो, रिजनरेशन संपेपर्यंत थांबत नाही. एमआयडीसीच्या पाण्यावर एकेक व्हेसल सव्वाशे लिटरमध्ये आठ-नऊ दिवस सहज काढेल. तरी आठवड्यातून एकदा रिजनरेशन घ्याच, म्हणजे बेड दबून बसत नाही.

---

वागळे_वर्कशॉप

बॉयलरवाल्यांनी एक मात्र पक्कं लक्षात ठेवावं. आपल्याकडे 'पाणी खारं आहे' म्हणताना हार्डनेस आणि टीडीएस दोन्ही एकाच शब्दात येतात. सॉफ्टनर फक्त कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून तिथे सोडियम देतो. टीडीएस जवळपास तेवढाच राहतो.

टीडीएसचा फटका ब्लोडाऊनला बसतो. शेल बॉयलरमध्ये सहसा ३,५०० पीपीएमची मर्यादा धरतात. ब्लोडाऊनचं प्रमाण = फीडचा टीडीएस भागिले (३,५०० वजा फीडचा टीडीएस). एमआयडीसीचं १२० चं पाणी निम्म्या कंडेन्सेटमध्ये मिसळून ६०, म्हणजे ब्लोडाऊन पावणेदोन टक्के. टँकरचं ९०० चं मिसळून ४५०, म्हणजे पंधरा टक्के. खाडीलगतच्या बोअरचं २,००० चं पाणी मिसळून १,०००, तर चाळीस टक्के! तेवढी तापवलेली ऊर्जा गटारात. तिथे सॉफ्टनर कितीही मोठा घेतला तरी उत्तर ते नाही, आरओ हवा आणि सॉफ्टनर किंवा अँटिस्केलंट (क्षारांचा थर बसू न देणारं रसायन) आरओच्या आधी.

---

नळजोड

हॉटेलकडे परत. सॉफ्टनरच्या आधी काय लावणार? नुसता सॉफ्टनर टँकरच्या पाण्यावर टिकत नाही.

गाळ: आधी सँड फिल्टर हवाच.

लोह: बोअरमध्ये ०.३ पीपीएमच्या वर असेल तर लोह काढणारा फिल्टर आधी. पाणी उपसताना स्वच्छ दिसतं आणि बादलीत तासाभरात तांबूस होतं, ही खूण. ते तसंच सॉफ्टनरमध्ये गेलं की मण्यांवर गंज चढतो आणि साध्या मिठाने निघत नाही, रसायनाने धुवावं लागतं.

क्लोरीन: पालिकेच्या पाण्यातलं थोडंफार क्लोरीन रेझिन सहन करतं. पण टँकरमध्ये ब्लीचिंग पावडर ओतून आणलेली असेल आणि २-३ पीपीएम लागत असेल तर रेझिनची बांधणी सैल होते, मणी फुगून मऊ पडतात. बोटात चिमटीने दाबला की चिरडतो. मग बेड घट्ट होतो, दाब पडतो. कार्बन फिल्टर लावला तर क्लोरीन जातं, पण मग सॉफ्ट टाकीत जंतूंना मोकळं रान मिळतं. म्हणून सॉफ्ट टाकीवर पुन्हा क्लोरीनचा डोसिंग पंप हवा. हे हॉटेलमध्ये टाळू नका.

---

घोडबंदर_पंप

बोअरमध्ये लोह ०.१, ठीक आहे. सँड फिल्टर आणि कार्बन धरतोय, डोसिंगसकट.

मालकांनी दोन गोष्टी विचारल्यात. आंघोळीचं पाणी शून्य हार्डनेसचं हवंच का, आणि (पाइपला चुंबक लावायचा) चुंबकवाला उपाय स्वस्त आहे तो का नको?

---

खाडीकाठ

चुंबकाच्या आधीचं आणि नंतरचं पाणी एकाच हार्डनेस किटवर बघा. आकडा तोच येतो. लाँड्री आणि डिशवॉशरला हार्डनेसच काढायला हवा, कारण साबण त्यातच वाया जातो. त्यामुळे तुमच्या कामाला तो उपाय नाही.

आंघोळीला शून्य नको, खरं तर. अगदी शून्य पाण्यात साबण लवकर निघत नाही, पाहुणे चिकट वाटतं म्हणतात. ७५ पीपीएम चांगलं. ४५० चं कच्चं पाणी सहावा हिस्सा मिसळलं की ७५ होतं. १६ घनमीटरपैकी २.७ बायपासने गेलं, सॉफ्टनरचा भार दहा टक्के कमी.

पण यासाठी लाँड्री आणि किचनची टाकी वेगळी हवी. एकच सॉफ्ट टाकी असेल तर मिश्रण लाँड्रीलाही जाणार आणि लाँड्रीला ७५ नको. शिवाय कच्चं पाणी एके दिवशी ६० असतं नि दुसऱ्या दिवशी ५२०, बायपासचा व्हॉल्व्ह एका जागी ठेवून भागत नाही. वेगळी टाकी बांधायला जागा असेल तरच करा. नसेल तर सगळं शून्यावर ठेवा आणि पुढे जा.

---

मीठगर

सांडपाण्याचाही हिशोब मालकांना आधीच सांगा. बॅकवॉश १२ मिनिटं, ८०० लिटर. ब्राइन २८०. हळू रिन्स बेडच्या दुप्पट, ५००. जलद रिन्स चौपट, १,०००. मिळून अडीच हजार लिटरच्या वर, म्हणजे दहा हजारांच्या टँकरचा पाव भाग रोज. तेवढं कच्चं पाणी २५ घनमीटरच्या वर धरा.

यातलं बॅकवॉशचं पाणी गाळ बसू देऊन आणि जलद रिन्सचा शेवटचा भाग फ्लशच्या टाकीत घेता येतो. ब्राइन आणि हळू रिन्स मात्र वेगळी काढा. ती बागेत सोडली की झाडं जळतात, आणि एसटीपीत (सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात) एकदम सोडली की तिथले जिवाणू मार खातात. एसटीपीच्या इक्वलायझेशन टाकीत हळूहळू सोडा. कारखान्यांनी प्रदूषण मंडळाच्या संमतीपत्रात टीडीएस आणि क्लोराइडच्या अटी काय आहेत ते आधी वाचावं.

---

घोडबंदर_पंप

कोटेशन पुन्हा मागवतोय, असं लिहून: २५० लिटर रेझिन, २४ बाय ७२ एफआरपी, मीठ दर रिजनरेशनला ३० किलो, ४५० पीपीएमवर ओबीआर २५ घनमीटर, फीड पंप ४ घनमीटर अडीच किलोवर, ३०० लिटर ब्राइन टाकी, मीटरवर चालणारा ऑटो व्हॉल्व्ह, आधी सँड आणि कार्बन फिल्टर. सॉफ्ट टाकी १० घनमीटर. बेसमेंटमध्ये बसवणार आहोत. काही राहिलं?

---

वागळे_वर्कशॉप

बेसमेंटची उंची मोजा, तीही बीमच्या खालची. ७२ इंची व्हेसल म्हणजे सहा फूट, त्यावर व्हॉल्व्ह, खाली स्टँड आणि वर रेझिन ओतायला व डिस्ट्रिब्युटरचा पाइप काढायला दोन फूट मोकळे. साडेआठ फूट हवेतच. आणि भरलेल्या व्हेसलचं वजन सहाशे किलोच्या घरात जातं, तेही जेमतेम ०.३ चौरस मीटरवर. खाली आणखी एक तळघर असेल तर स्ट्रक्चरलवाल्यांना विचारून घ्या.

बेसमेंटमधला ड्रेन वर चढवून गटारात नेणार असाल तर ब्राइन ओढलं जाणार नाही. इजेक्टर मागच्या दाबावर बंद पडतो. ड्रेन उघड्या सम्पमध्ये (जमिनीतल्या खड्डेवजा टाकीत) सोडा, पाइपचं तोंड पाण्यात बुडू देऊ नका, आणि सम्पमधून वेगळ्या पंपाने काढा. सम्प निदान हजार लिटरचा, नाहीतर बॅकवॉशला बेसमेंट भरेल.

---

रेझिनगोणी

मीटर ४५० च्या हिशोबाने २५ घनमीटरवर सेट करा. पावसाळ्यात पालिकेचं पाणी भरपूर आलं की तेच रेझिन दोनशे घनमीटर काढू शकतं, तेव्हा आकडा वाढवा, नाहीतर मीठ फुकट जातं. पण टँकर सुरू झाल्याच्या दिवशी तो परत खाली आणायचा, ही नोंद लॉगबुकात असू द्या.

आणि आउटलेटला व्हॉल्व्हच्या लगेच पुढे सॅम्पलचा कॉक लावा, सॉफ्ट टाकीच्या नळावर तपासू नका. टाकीत जुनं पाणी मिसळलेलं असतं, चूक तिथे दिवसभराने दिसते. ऑपरेटरने दिवसातून दोनदा, त्यातलं एकदा रिजनरेशनच्या तासभर आधी, कॉकमधून मिनिटभर पाणी सोडून मग बाटली भरायची. इंडिकेटर टाकल्यावर पाणी सरळ निळं झालं तर ठीक. जांभळट झाकही दिसली तरी थेंब मोजायचे, आणि वाइनसारखा लाल रंग आला तर फीड पंप बंद करून आधी ब्राइन ओढलं गेलं होतं का ते बघायचं: टाकीतली पातळी उतरली होती का, नळीत हवा येते का, इजेक्टरची जाळी तुंबली आहे का. बहुतेक वेळा या तिघांतलंच काहीतरी असतं.

---

घोडबंदर_पंप

बीमखालची उंची आठ फूट तीन इंच निघाली. स्टँड काढून व्हेसल सहा इंच उंचीच्या ओट्याऐवजी थेट फरशीवर घेतलं तर बसतंय. सम्पसाठी लिफ्टच्या खड्ड्याशेजारी जागा आहे. सुधारित कोटेशन आली की चारही आकडे इथे टाकतो.